एका चुलीवरचे दोन उमेदवार

॥ श्री ॥

मु. गुहागर, ता. १२ सप्टेंबर १९३३

चि. हरिश्चंद्र यास आत्माराम गंगाराम शिरधनकर याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गणपती यथासांग पार पडले. तू आला नाहीस म्हणून तुझ्या काकूने तुझ्या वाटचे मोदक शेजारी वाटून टाकले आणि मग आठवण काढून डोळे पुसले. मोदक आधी वाटायचे आणि रडायचे मागाहून, हा क्रम मला पसंत नव्हता, पण विचारतो कोण.

तुमचे 'नवमत' दर आठवड्याला येते. मी ते पडवीत बसून मोठ्याने वाचतो आणि ऐकायला चार मंडळी जमतात. देशात दर आठवड्याला एक नवी पहाट होते हे आम्हांला त्यातूनच कळते. इकडे सूर्य रोज एकदा उगवतो आणि त्याबद्दल कुणी अग्रलेख लिहीत नाही. गेल्या अंकातला 'कोकणच्या निद्रिस्त भगिनींनो, उठा!' हा लेख तुझाच असावा. 'अज्ञानाच्या घोर गर्तेत' हे शब्द तू मराठी पाचवीच्या निबंधात घातले होतेस, तेव्हापासून ते तुला सोडवत नाहीत. लेख तुझ्या काकूला वाचून दाखवला. ती पहाटे उठून गोठा, पाणी, देवपूजा आटोपून नारळ सोलायला बसली होती. आणखी किती उठायचे, एवढेच तिने विचारले.

एक वाईट बातमी. शेजारची सगुणा गौरीच्या दिवशी वहाळावरच्या साकवावरून पडली. पोफळीचे ओंडके टाकून केलेला तो साकव, पावसाने कुजलेला. एक ओंडका निसटला आणि ती भरल्या कळशीसकट खाली दगडांत. मांडीचे हाड मोडले. डोलीत घालून चिपळूणला नेली. चालेल म्हणतात, पण लंगडत. नवरा तुमच्या मुंबईत गिरणीत, सासू थकलेली, पोरे लहान. तुझी काकू दोन्ही घरची चूल सांभाळते आहे.

तालुका लोकल बोर्डाची निवडणूक आली. नऊ वर्षे गुहागरची जागा मी सांभाळली, यंदाही उभा राहणार. समोर रावजी वकील आहेत. ते प्रागतिक आहेत. म्हणजे काय ते विचारले की आपल्या तोंडाने ते अर्धा तास सांगतात, आणि ऐकणारा शेवटी बरे बरे म्हणून सुटका करून घेतो. तरी नवमतात माझ्याबद्दल चार ओळी घाल. पुतण्या वर्तमानपत्रात असून काकाला त्याचा उपयोग नसेल, तर तुला बोटीत बसवून मुंबईस धाडला कशाला?

लोभ आहे तितका असू दे, वाढल्यास हरकत नाही.

आत्माराम

*

गिरगाव, मुंबई, ता. २१ सप्टेंबर १९३३

तीर्थस्वरूप काकांचे चरणी बालक हरिश्चंद्राचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पावले. सगुणावहिनींचे वाचून फार वाईट वाटले. त्यांच्या यजमानांना चाळीत जाऊन भेटलो, धीर दिला, ते रजेच्या खटपटीत आहेत.

चार ओळींचे मात्र अवघड आहे. आमच्या संपादकांनी रावजी वकिलांना पाठिंबा द्यायचे ठरवले असून 'गुहागरचा उगवता तारा' असा मथळाही जुळवून ठेवला आहे. वकिलांना त्यांनी कधी पाहिलेले नाही, गुहागरही पाहिलेले नाही. परंतु व्यक्तीपेक्षा तत्त्व मोठे असते असे ते म्हणतात. आपण माझे काका आहात हे मी त्यांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याबद्दल सहानुभूती दाखवली.

काका, आपण थट्टा करता, पण काळ बदलतो आहे. स्त्रियांना मत आहे, उभे राहण्याचा हक्क आहे, पण त्यांना तो ठाऊकच नाही! ह्या विषयावर मी 'स्त्रिया आणि स्थानिक स्वराज्य' असा लेख लिहिला आहे. जिच्या नावावर स्वतःची मिळकत आहे अशी कोणतीही स्त्री कोणाची परवानगी न मागता बोर्डाला उभी राहू शकते, हे त्यात सोपे करून सांगितले आहे. तो लेख असलेला एक जादा अंक तांबड्या पेन्सिलीने खुणा करून काकूंच्या नावे पाठवतो आहे. त्यांना वाचायला देणे.

चिरंजीवावर कृपा असतेच, थट्टेच्या जोडीने ती यापुढेही यावी.

आपला
हरिश्चंद्र

*

मु. गुहागर, ता. ३ ऑक्टोबर १९३३

चि. हरिश्चंद्र यास आत्मारामाचे आशीर्वाद, पण ह्या खेपेस मोजकेच. वि. वि.

तुझा अंक आला. मी तो तिला दिला. माझ्या हातांनी दिला!

दोन दिवस तिने तो देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि फावेल तसा वाचला. तिसऱ्या दिवशी मला आमटी वाढता वाढता तिने विचारले की पालशेतची माहेरची वाडी अजून तिच्याच नावावर आहे ना. मला वाटले, नारळ उतरवायचे असतील. आहे म्हणालो आणि आणखी भात मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी चापूनचोपून नेसून ती बाहेर पडली ती थेट कचेरीत. माध्यान्हीला परत आली आणि पाय धुऊन मला सांगितले की आपण बोर्डाला उभ्या राहिलो आहोत.

कुठल्या जागेला म्हणून विचारले. तर गुहागरच्याच!

मी म्हणालो की ती जागा माझी आहे. ती म्हणाली की जागा गावाची आहे. मी विचारले की बोर्डात जाऊन तू करणार काय. तर म्हणाली, साकव. साकवाचे मी पाहतोच आहे असे मी सांगितले. त्यावर नऊ वर्षे नुसते पाहिल्याने साकवाला काही झाले नाही, सगुणेला मात्र झाले, असे ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली. 

आता घरात दोन पक्ष झाले आहेत. पुढची पडवी माझी, मागचे परसदार तिचे. माझ्याकडे तपकीर ओढणारे पाचजण येतात. तिच्याकडे पाण्याला जाणाऱ्या सगळ्या बायका थांबतात. विलायतेत गोलमेज भरली म्हणून तुम्ही रकाने भरलेत. इथे रोज दोन वेळा पाटावर भरते आणि तिच्यात कोणी बोलत नाही. आमटीत मीठ मात्र बरोबर असते.

तू तिला ताबडतोब पत्र लिही आणि तो लेख घरच्यांसाठी नव्हता हे नीट समजावून सांग.

लोभ आहे का, हे तुझे पत्र पाहून ठरवीन.

आत्माराम

*

गिरगाव, मुंबई, ता. ९ ऑक्टोबर १९३३

तीर्थस्वरूप काकूंस हरिश्चंद्राचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपल्या धाडसाची वार्ता काकांकडून कळली. ऊर अभिमानाने भरून आला. कोकणातल्या एका घरंदाज स्त्रीने केवळ एक लेख वाचून हे पाऊल उचलावे, ह्याहून लेखकाला मोठे पारितोषिक कोणते?

तथापि काकू, एक नम्र सूचना. लेख हा सर्वसाधारण स्त्रीवर्गाला उद्देशून असतो. त्यात एखादी विशिष्ट स्त्री डोळ्यांपुढे नसते, आणि आपली स्वतःची काकू तर नसतेच. तत्त्व अगदी बरोबर आहे, पण त्याच्या अंमलबजावणीला पुढची निवडणूकही चालण्यासारखी आहे. काकांचे वय झाले. ह्या खेपेस आपण मोठ्या मनाने माघार घेतलीत तर तो त्याग इतिहासात नमूद होईल. तो मी स्वतः नमूद करीन.

राग मानू नये. मायेचा वाटा पूर्वीइतकाच मिळावा.

आपला
हरी

*

गुहागर, ता. १६ ऑक्टोबर

चि. हरी यास गंगुबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मला लिहायची सवय नाही, अक्षर वाकडं येतं, सांभाळून घे. माहेरी आमच्या आबांनी शिकवलं तेवढंच.

तू लिहिलंस की लेख दुसऱ्या बायकांसाठी होता. बाबा, त्या दुसऱ्या बायका कोण ते तरी कळव, म्हणजे मी त्यांना नेऊन देते. इथं सगळ्या आमच्यासारख्याच आहेत. आणि कोणाची परवानगी मागू नये असं तूच तांबड्या खुणेनं लिहिलंस. म्हणून मी तुझ्या काकांची मागितली नाही. मग तुझी कशाला मागू?

मला तुझ्या स्वराज्यातलं काही कळत नाही. सगुणा पडली तेव्हा मी तिच्या मागं चार पावलांवर होते. ती खाली ओरडत होती आणि मला उतरता येईना. पाणी चढत होतं. मी पदर सोडला, तो तिनं धरला, आणि माणसं येईपर्यंत आम्ही दोघी तशाच. हे मी तुझ्या काकांना सुद्धा सगळं सांगितलं नाही, ते घाबरले असते. त्या दिवशी मी मनात ठरवलं की दगडी साकव झाल्याशिवाय गप्प बसायचं नाही. कसं ते ठाऊक नव्हतं. मग तुझा अंक आला. म्हणून तुझे उपकार आहेत.

तुझे काका रुसलेत. पण जेवतात. काल मी न सांगता त्यांनी परसदारात लाकडं आणून टाकली. माझ्याकडच्या बायकांना बसायला फळी पण घातली आणि कोणाचं लक्ष नाहीसं बघून पडवीत गेले.  माणूस वाईट नाही, आळशी आहे.

फोटो बिटो काढायला कोणाला पाठवू नको. दिवाळीला ये. अनारसे करते आहे. मायेला काय, ती दिवसागणिक वाढते, तुला कळवायला सवड होत नाही एवढंच.

काकू

*

मु. गुहागर, ता. २ नोव्हेंबर १९३३

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद. वि. वि.

कालच्या डाकेने तुमचा अंक आला. तू आणि तुझे संपादक मिळून जे केलेत ते समोर ठेवून लिहितो.

पहिल्या पानावर मथळा, 'चुलीच्या काळोखातून उगवलेली रणरागिणी'. त्याखाली तुझी काकू 'पतीच्या धाकाने सूर्यदर्शनासही पारखी झालेली अबला' आहे असे छापले आहे. हरी, चैत्रापासून पावसाच्या आगोटीपर्यंत ती आमसुले, सांडगे, कुळीथ, पापड घेऊन खळ्यात उन्हातच असते. सावलीत बसून कावळे हाकतो तो मी! 'काळोखी कोठडी' म्हणून जे म्हटले आहे ते आमचे माजघर असावे. त्याला दोन खिडक्या आहेत. त्यांतल्या एकीतून तू लहानपणी गूळ पळवीत होतास. आणि 'पतीचा धाक' हे शब्द मी वाचले तेव्हा पडवीतली मंडळी इतकी हसली की एकाची तपकीर सांडली. माझी बदनामी तुम्ही केलीत ती एक, पण ती खरी कोणालाच वाटली नाही ही दुसरी.

हे झाले गमतीचे. दुपारी बाजारात गेलो तर दुकानातून एकाने विचारले की आज काकूंना कोठडीतून सोडलेत की नाही. मी हसलो. पुढे दुसऱ्याने विचारले, तेव्हा हसू आले नाही. रावजी वकिलांनी तो अंक देवळापुढे उभे राहून वाचून दाखवला, आणि असे जुनाट लोक बोर्डात नकोत असे सांगितले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी उणा शब्द बोललो नसेन असे नाही, पण मी जुलमी आहे असे लोकांपुढे ऐकायची पाळी आली नव्हती.

घरी आलो तर तुझी काकू चुलीपुढे बसून रडत होती. अंक तिच्या मांडीवर. ती म्हणाली की ज्या कामाच्या पायी घरच्या माणसाची अशी शोभा झाली ते काम तिला नको. उद्या कचेरीत जाऊन आपला अर्ज परत घेते, म्हणाली.

मला वाटले होते, हे ऐकून मी खूश होईन. मीही तिथेच पाट ओढून बसलो. तिने मग साकवाखालचा प्रकार सगळा सांगितला. पाणी चढत होते आणि पदर धरून दोघी तशाच होत्या, हे मला आजवर ठाऊक नव्हते. नऊ वर्षे बोर्डाच्या बैठकीला मी चिपळूणला जातो. अध्यक्ष चहा चांगला देतात आणि साकवाचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवतात. मीही ठेवू दिला.

सकाळी तिच्या आधी उठलो, जे तुमच्या कोणत्याही लेखाने घडवता आले नसते. कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो आणि माझा अर्ज परत घेतला. घरी आल्यावर सांगितले की गुडघ्यामुळे चिपळूणचा प्रवास आता झेपत नाही. तिने गुडघ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तेल गरम करून आणले. गुडघा दुखत नसताना तो चोळून घेणे फार कठीण असते.

आता तू एक कर. जे छापलेत ते चुकीचे होते असे छाप. तितक्याच मोठ्या अक्षरांत.

लोभ आहे, म्हणून तर रागावलो.

आत्माराम

*

गिरगाव, मुंबई, ता. ९ नोव्हेंबर १९३३

तीर्थस्वरूप काकांचे चरणी शि. सा. नमस्कार वि. वि.

मान खाली घालून लिहितो आहे. मी लिहून दिलेल्या बातमीत साकव होता, सगुणावहिनी होत्या, पालशेतची वाडी होती. धाक, काळोख आणि अबला संपादकांनी घातले. नुसत्या साकवाने वाचकाचे हृदय हलत नाही असे ते म्हणाले. हे घर माझे आहे, त्यात मी जेवलो आहे, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले की म्हणूनच मला त्यातला अन्याय दिसत नाही.

दुरुस्ती छापायला ते तयार झाले, पण केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, बारीक टायपात, आणि तीही नुसती 'खिडक्यांसंबंधी खुलासा' ह्या नावाने.

इकडे रावजी वकिलांचे खरमरीत पत्र आले. आपण स्त्रीवर्गाच्या उन्नतीच्या बाजूचेच आहोत, फक्त ह्या एका स्त्रीच्या विरुद्ध आहोत, असे त्यांनी कळवले. संपादकांना ते पटले. काकूही त्यांना पटतातच. तेव्हा दोघांनाही तत्त्वतः पाठिंबा, असे धोरण ठरले.

परवा संपादक वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या सभेसाठी पुण्याला गेले. अंक माझ्यावर सोपवला होता. मी काकूंचे मला आलेले पत्र काढले, आरंभीची अक्षराबद्दलची ओळ ठेवून बाकी घरगुती मजकूर वगळला, आणि सगुणावहिनी पडल्या तो भाग काकूंच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता, पहिल्या पानावर छापला. खाली माझ्या नावाने लिहिले की मागील अंकातील माझ्या काकांविषयीचा मजकूर खोटा आहे. मोठ्या अक्षरांत.

संपादक परत आले. स्वातंत्र्य आणि बेशिस्त ह्यांतला फरक त्यांनी मला बराच वेळ समजावून दिला. तूर्त माझ्याकडे आगबोटींचे वेळापत्रक आणि भरती-ओहोटीचे कोष्टक दिले आहे. काकूंना न विचारता पत्र छापले, त्याची क्षमा त्यांच्याकडून आपणच मागून घ्यावी. मला धीर होत नाही.

आपल्या पायांशी जागा होती तेवढी राखून ठेवावी.

आपला
हरी

*

मु. गुहागर, ता. २८ नोव्हेंबर १९३३

चि. हरिश्चंद्र यास आत्मारामाचे अनेक, आणि ह्या खेपेस मनापासून, आशीर्वाद. वि. वि.

तुझी काकू निवडून आली!

तू छापलेले पत्र मी पडवीत वाचले. अर्ध्यावर अंक पुढे केला, उरलेले दुसऱ्याने वाचून पुरे केले. त्या दिवशी कोणी तपकीर ओढली नाही. तुझी काकू तीन दिवस तुझ्यावर रागावली होती, कारण तिच्या वाकड्या अक्षराबद्दलची ओळही तू छापलीस. आता निवळली आहे.

मग मीही कामाला लागलो. माझ्या पाचही जणांना बाहेर काढले. असगोलीपासून पालशेतपर्यंत नारळी-पोफळीच्या प्रत्येक आगरात गेलो. लोक विचारायचे की स्वतःसाठी इतकी वणवण कधी केली नाहीत ती आता कशी. मी गुडघ्याला हात लावून दाखवी.

रावजी वकिलांनी खास स्त्रियांसाठी सभा बोलावली. स्त्रीमुक्तीवर दीड तास बोलले, चांगले बोलले. मागून सगुणेच्या सासूने विचारले की वकीणबाई कुठे दिसत नाहीत. त्या घरी कार्यकर्त्यांसाठी भाकऱ्या भाजताहेत, असे त्यांनी सांगितले. सभा तिथेच उठली.

मताच्या दिवशी सगुणेला खुर्चीत बसवून शाळेपर्यंत आणली. साकव नाही, म्हणून वहाळाला वळसा घालून आणावी लागली. चार जणांनी खुर्ची उचलली होती आणि रस्त्याने ज्याने पाहिले त्याला दुसरे भाषण लागले नाही.

तुमच्या संपादकांची तार आली आहे की पुराणमतवादाचा गुहागरात पराभव झाला, अभिनंदन. त्या दिवशी एकादशी होती. विजयी उमेदवार देवळात होत्या, तार मीच घेतली. तिने येऊन विचारले की कोण हरले. मी म्हणालो, बहुधा आपण दोघे.

लोभ आता तुझ्या बोटींसारखा वेळेवर येत जावा.

आत्माराम

*

गिरगाव, मुंबई, ता. १४ डिसेंबर १९३३

तीर्थस्वरूप काका व काकू ह्यांचे चरणी शि. सा. नमस्कार वि. वि.

संपादकांनी काकूंकडे नवयुगाच्या स्त्रीचा संदेश मागितला होता. काकूंनी पाठवलेला संदेश त्यांनी मला वाचायला लावला. मुलींनी शाळेत जरूर जावे, पण घरी येऊन आईला अडाणी म्हणू नये. ज्या पुरुषांना स्त्रियांचा उद्धार करायचा आहे त्यांनी आधी जेवल्यावर आपले ताट आपण उचलावे. आणि बोर्डात गेले तरी देवधर्म सुटणार नाही, कोणी वाट बघू नये. इतकेच.

संपादकांनी तो दोनदा ऐकला. ह्यात विचार नाही, असे म्हणून बाजूला ठेवला. ह्या अंकात आता 'गुहागरचा निकाल: एक खिन्न चिंतन' असा अग्रलेख येतो आहे. स्त्रिया मताधिकाराला अजून परिपक्व झालेल्या नाहीत, असा त्याचा आशय आहे. गेल्या महिन्यातली रणरागिणी तीच, हे मी त्यांना दाखवून दिले. तेव्हा वृत्तपत्राने काळाबरोबर चालले पाहिजे, असे ते म्हणाले.

मी मात्र खानावळीत आपले ताट उचलू लागलो आहे. खानावळवाल्याला वाटते की माझी नोकरी गेली.

दोघांच्या मायेवाचून इथे दुसरे भांडवल नाही, ते असेच राहो.

आपला
हरी

*

मु. गुहागर, ता. १९ जानेवारी १९३४

चि. हरिश्चंद्र यास आत्मारामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बोर्डाची पहिली बैठक झाली, त्याचे वृत्त लिहितो, म्हणजे मला कळले तेवढे.

सर्व्हिस मोटारीने दोघे चिपळूणला गेलो. तिला मोटार लागते म्हणून सबंध वाट आवळ्याची सुपारी देत होतो. कचेरीच्या पायऱ्या चढलो आणि सवयीने मीच पुढे झालो. ज्या शिपायाने नऊ वर्षे मला सलाम केला त्यानेच हात आडवा केला. आत फक्त सभासद, म्हणाला. भला माणूस, बाहेरचे बाक मात्र फडक्याने पुसून दिले. तुझ्या काकूने आपली छत्री आणि पानाची चंची माझ्याकडे दिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागे न बघता आत गेली.

मी बाकावर बसलो. खिडकी उघडी होती, पण शेजारी कौले उतरवण्याचे काम चाललेले. अध्यक्षांचे भाषण मी ओळखले, ते दर वर्षी तेच असते. मग तिचा आवाज आला. शब्द लागेनात. आवाज मोठा नव्हता, आमटी हवी का विचारताना असतो तितकाच.  मग कोणीतरी खुर्ची मागे सारली. मग हसणे. कोणाला हसले? मी उठून खिडकीशी गेलो तर शिपायाने खाकरून बाक दाखवले. पुन्हा तिचाच आवाज, ह्या खेपेस बराच वेळ. आणि मग मेजावर हात आपटल्याचे ऐकू आले, एकाचा नव्हे, पुष्कळांचे. हरी, माझ्या नऊ वर्षांत त्या मेजावर चहाच्या बशीखेरीज काही आपटलेले मला स्मरत नाही. मी चंची उघडून तिचे पान खाल्ले.

ती बाहेर आली. मागून दोन सभासद दारापर्यंत पोचवायला आले आणि त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मी छत्री पुढे केली आणि विचारले की काय झाले.

तिने आधी मी चहा घेतला का ते विचारले. मग शांतपणे सांगितले की बोर्डातल्या गोष्टी बाहेरच्या माणसाला सांगायच्या नसतात.

परतीच्या मोटारीत ती माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली. घरी आल्यावर पुन्हा विचारले, तर म्हणाली की जांभ्याचे चिरे कुठले चांगले ते तेवढे सांगा. परवा बोर्डाचा ओव्हरसियर येऊन वहाळ मोजून गेला. सगुणा काठी टेकत दारापर्यंत आली आणि पावसात पाणी कुठवर चढते ते तिने त्याला दाखवले. त्याने तिथे खुंटी मारली. एवढे मी डोळ्यांनी पाहिले. पण त्या बंद दाराआड ती काय बोलली, कोण हसले, मेज कशासाठी वाजले, ते मला कोणी सांगत नाही. पडवीतली मंडळी रोज विचारतात आणि मी सगळे ठाऊक असल्यासारखा तपकीर ओढतो.

तुमच्या नवमताचा चिपळूणला कोणी बातमीदार असेल तर त्याला हळूच विचार. तुम्हांला छापायचे ते खुशाल छापा. पण खरे काय झाले ते मला निराळ्या पत्राने कळव.

लोभ आहेच. उत्तर उलट डाकेने यावे.

आत्माराम